ताबा नंतर, सही आज

आजचा शास्त्रपाठ : यिर्मया ३२:१-२७
सोबत वाचा : एज्रा २:२३, इफिसकरांस पत्र १:१३-१४



मागच्या रविवारी उपासना संपल्यावर तरुण संघातली एक बहीण चहाचा कप घेऊन माझ्याकडे आली आणि थेट म्हणाली, "दादा, सगळे सांगतात देवाची वाट पाहा. पण वाट पाहायची म्हणजे नेमकं करायचं काय?" ती कशाची वाट पाहतेय ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पटकन बोलून गेलो, "विश्वास ठेव, देवाची वेळ अचूक असते." तिने मान डोलावली आणि गेली.

घरी येताना माझी मलाच लाज वाटली. गेली तीन वर्षं हेच वाक्य लोक मला ऐकवताहेत आणि दर वेळी मनातून चिडचिड होते. वाक्य खोटं नाही. पण तिने 'कधी' विचारलंच नव्हतं, 'काय करू' विचारलं होतं. तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज लिहितोय. ते माझं नाही. ते यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात आहे, आणि माझ्या डोक्यात ते घुसलं माझ्या पप्पांमुळे.

शत्रूच्या ताब्यातलं शेत

आधी प्रसंग समजून घेऊ. काळ इ. स. पू. ५८७ च्या आसपासचा. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचं दहावं वर्ष. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय. आत अन्न संपत चाललंय आणि यिर्मया संदेष्टा राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. गुन्हा काय? हे शहर बाबेलच्या हाती जाणार, असं तो उघडपणे सांगत होता. राजाला ते झोंबलं.

म्हणजे यिर्मया हा 'सगळं छान होईल, पॉझिटिव्ह राहा' असं म्हणणारा माणूस नव्हता. शहर पडणार हे त्याला पक्कं माहीत होतं. देवानेच त्याला सांगितलं होतं.

अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला कैदेत भेटायला येतो. अनाथोथमधलं आपलं शेत तू विकत घे म्हणतो. जवळचा नातेवाईक म्हणून खंडून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, यरुशलेमच्या ईशान्येला पाचेक किलोमीटरवर. शहराबाहेरचा तो सगळा मुलूख बाबेलच्या सैन्याच्या टाचेखाली. म्हणजे जी जमीन शत्रूच्या हातात आहे, जिथे पाऊलही ठेवता येणार नाही, ती एका कैद्याला विकायची आहे! आणि याच अनाथोथच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर टपून कट केला होता (अध्याय ११). मी असतो तर हनामेलला चहा पाजून परत पाठवलं असतं.

यिर्मयाने मात्र शेत घेतलं. हनामेल येणार, हे देवाने त्याला आधी कळवलं होतं. तो खरंच आला, तेव्हा यिर्मयाला उमगलं की हे वचन परमेश्वराचंच.

आता व्यवहार बघा. शास्त्र एरवी मोठमोठ्या गोष्टी दोन ओळींत सांगून मोकळं होतं. इथे मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसल्यासारखं एकेक पाऊल नोंदवलंय. १७ शेकेल चांदी तागडीत तोलून दिली, म्हणजे आजच्या मापाने साधारण २०० ग्रॅम. खरेदीखतावर सही झाली. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. दोन प्रती केल्या, एक मोहोर लावून बंद केलेली आणि एक उघडी. दोन्ही बारूखाच्या हाती सगळ्यांदेखत सोपवल्या आणि सांगितलं की मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत.

मडकंच का? कारण त्या मुलखात कागदपत्रं जपायची रीत तीच होती. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत ज्या प्राचीन गुंडाळ्या सापडल्या, त्याही मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या होत्या आणि सुमारे दोन हजार वर्षं टिकल्या. देव यिर्मयाला सुचवत होता की हे प्रकरण उद्या-परवाचं नाही. लांबचं आहे. कागद जपून ठेव.

सही आधी, गोंधळ नंतर

मला सगळ्यात जास्त धीर देणारा भाग पुढे आहे, सोळाव्या वचनापासून. खरेदीखत बारूखाला दिल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो. तू आकाश आणि पृथ्वी केलीस, मिसरातून आम्हांला बाहेर काढलंस, असं आठवत आठवत तो शेवटी मनातलं ओकतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा : प्रभू, तटबंदीपर्यंत मातीचे ढिगारे आलेत, शहर शत्रूच्या हाती गेल्यात जमा आहे, आणि तू मला म्हणतोस शेत विकत घे?

तो वाद घालत नाही, पण त्याला कळतही नाहीये. पैसे देऊन झाले, सही झाली आणि आता पोटात गोळा आलाय. फ्लॅटचं बुकिंग करून घरी आल्यावर रात्री येतो ना, तसा.

आपल्याला वाटतं आधी मन शांत व्हावं, शंका मिटाव्यात, मग आज्ञापालन. यिर्मयाने आधी आज्ञा पाळली आणि मग शंका घेऊन देवाकडे गेला. देव त्याला रागावला नाही. मला अशक्य असं काही आहे का, एवढंच त्याने उलट विचारलं. आणि लक्षात घ्या, त्याच उत्तरात देवाने शहर जळणार हेही पुन्हा सांगितलं. वाईट बातमी मागे घेतली नाही. तिच्या पलीकडची बातमी दिली की याच देशात पुन्हा शेतं घेतली जातील, खतं लिहिली जातील.

आमच्या घरातलं खरेदीखत

आता माझ्या घरातलं सांगतो. आजवर इथे लिहिलं नव्हतं. पप्पांची परवानगी घेऊन लिहितोय.

पप्पा शाळेत शिक्षक होते. निवृत्तीच्या वर्षीच त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर वेळी चार तास. आईला मधुमेह आहे, त्यामुळे तिची किडनी चालत नाही. मी तपासण्या केल्या. माझंच ब्लड प्रेशर जास्त निघालं आणि डॉक्टरांनी नकार दिला. मग पुण्याच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत पप्पांचं नाव गेलं. त्या यादीत नाव असणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळेल. मोबाइल कधी सायलेंटवर ठेवायचा नाही. गाव सोडून लांब जायचं नाही. आपल्या मराठीत 'वाट पाहणं' आणि 'वाट लागणं' हे शब्द इतके जवळ का, याचा मी बऱ्याच रात्री विचार केलाय.

गेल्या वर्षी एका रात्री पावणेबाराला फोन आला. एक दाता आहे, पप्पांचा नंबर वरचा आहे, काही न खाता लगेच या. एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावतात, कारण कुणाशी जुळेल ते आधी सांगता येत नाही. रक्त घेतलं. क्रॉसमॅचचा रिपोर्ट यायला काही तास लागतात. मी बाकावर बसून एकच प्रार्थना करत होतो, "प्रभू, जुळू दे. जुळू दे. जुळू दे."

पहाटे साडेचारला सांगितलं की जुळत नाही. पप्पांच्या शरीराने ती किडनी नाकारली असती. घरी जा.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पप्पा म्हणाले, "ती माणसं बघितलीस का रे, कॉरिडॉरच्या टोकाला बसलेली?"

बघितली होती. एक बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिच्याजवळ दोन-तीन पुरुष उभे होते, बूट न घालता, घाईघाईत चपला अडकवून आलेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते कोण आहेत हे कळत होतं.

"त्यांच्यासाठी प्रार्थना केलीस?"

मी नव्हती केली. पाच तास प्रार्थना करत होतो, पण त्या बाईचा विचार एकदाही शिवला नाही. मला किडनी दिसत होती. ती कुणाच्या तरी मुलाची होती, हे दिसतच नव्हतं. त्या पहाटे कळलं की मी देवाची वाट पाहत नव्हतो. मी एका वस्तूची वाट पाहत होतो, आणि देव मला फक्त ती पोहोचवण्यापुरता हवा होता. पप्पा त्याच रात्री, त्याच बाकावर, देवाची वाट पाहत होते. म्हणून त्यांना आजूबाजूची माणसं दिसत होती.

दीड महिन्याने दुसरी गोष्ट घडली. पप्पांचा पासपोर्ट मुदत संपून पडला होता. दहा वर्षांपूर्वी मंडळीसोबत पवित्र भूमीला जायचं म्हणून काढलेला. जाणं झालंच नाही. आत एकही शिक्का नाही. पप्पांनी मला न सांगता शेजारच्या मुलाकडून नूतनीकरणाचा अर्ज भरून घेतला, १५०० रुपये फी भरली, आणि डायलिसिस नसलेल्या दिवशी रिक्षाने मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन आले. मला कळलं ते पोलीस पडताळणीसाठी हवालदार दारात उभे राहिले तेव्हा.

मी चिडलो. खरं तर घाबरलो होतो, पण बाहेर आला तो राग. "पप्पा, एक दिवसाआड मशीनवर जावं लागतं तुम्हांला. कुठे जाणार आहात? दहा वर्षांचा पासपोर्ट कशाला?" 'दहा वर्षं' म्हणताना माझा आवाज कापला, आणि तो त्यांना ऐकू गेला.

ते शांतपणे म्हणाले, "मुदत संपली होती म्हणून काढला. जाणं, न जाणं त्याच्या हातात आहे. अर्ज करणं माझ्या हातात होतं."

नवा पासपोर्ट आला. पप्पांनी तो बघितला, फोटो वाईट आलाय म्हणाले, आणि घराच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये घालून कपाटात ठेवून दिला. त्या रात्री माझ्या रोजच्या वाचनात यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय आला. मडक्याच्या वचनापाशी आलो आणि पुढे वाचता येईना.

१२८ माणसं

यिर्मयाला शेताचा ताबा मिळाला का? नाही. शहर पडलं, मंदिर जळलं. नंतर यहूदी लोकांचा एक गट त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशात घेऊन गेला, आणि शास्त्रात त्याचं शेवटचं दर्शन आपल्याला तिथेच होतं. अनाथोथच्या त्या शेतात त्याने कधी नांगर धरला नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. जवळजवळ ५० वर्षांनी, इ. स. पू. ५३८ मध्ये, पारसाचा राजा कोरेश याने बंदिवानांना परत जायला परवानगी दिली. कोण कोण परतले त्याची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अशी नावांची आणि आकड्यांची यादी आली की आपण सरळ पुढे सरकतो. मीही सरकायचो. आता मी तेविसाव्या वचनाखाली पेनने रेघ मारून ठेवली आहे. तिथे लिहिलंय की अनाथोथचे १२८ लोक परत आले.

आमच्या कोडिंगच्या धंद्यातल्या माणसाची नजर १२८ या आकड्यावर आपोआप थांबते. पण मी थांबलो ते वेगळ्या कारणाने. ज्या गावातलं शेत घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता, त्या गावात १२८ माणसं परत आली. त्यांच्यापैकी कुणी ते मडकं उघडलं का, ते शेत कुणाच्या वाट्याला आलं, शास्त्र सांगत नाही. एवढंच सांगतं की देवाने शब्द पाळला. यिर्मयाने पाहिलं नाही, तरी पाळला.

आपल्या आशेची ही बाजू पचायला जड आहे, पण लपवून उपयोग नाही. 'वाट पाहा, मग तुला हवं ते नक्की मिळेल' असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. पप्पांना किडनी मिळेलच, असं मी तुम्हांला लिहून देऊ शकत नाही. तुमचं लग्न जमेल, व्हिसा येईल, बाळ होईल, ऑफर लेटर येईल, हेही नाही. मग आपल्या हातात आहे काय?

विसार मिळालेला आहे

इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल अगदी खरेदीखताची भाषा बोलतो. ज्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला, त्यांच्यावर पवित्र आत्म्याचा शिक्का मारला गेलाय, आणि तो आत्मा आपल्या वतनाचा विसार आहे. विसार हा शब्द आपल्याला वेगळा समजवावा लागत नाही. घर घेताना, जमीन घेताना आधी देतात ती रक्कम. विसार घेतला की व्यवहार पक्का. ताबा मागाहून मिळतो, पण माल कुणाचा हे ठरलेलं असतं.

आणि हा व्यवहार केला कुणी? यिर्मयाने नातेवाईक म्हणून शत्रूच्या हातात गेलेलं शेत खंडून घेतलं. प्रभू येशू आपला नातेवाईक व्हायला मनुष्य झाला आणि पापाच्या, मरणाच्या ताब्यात गेलेलं शेत, म्हणजे तुम्ही-मी, त्याने खंडून घेतलं. किंमत चांदीने तोलली नाही, स्वतःच्या रक्ताने दिली. त्याच्या कबरेलाही मोहोर लावली होती. शुक्रवारी संध्याकाळी शिष्यांना सगळा व्यवहार बुडाला असंच वाटलं असणार. शनिवारी तर काहीच घडलं नाही. तिसऱ्या दिवशी ती मोहोर फुटली.

ख्रिस्ती माणूस वाट पाहतो ती या रिकाम्या कबरेकडे बघून. पप्पांचं शरीर एक दिवस पूर्ण बरं होणार, ही आशा नाही, पक्का व्यवहार आहे. ते या आयुष्यात ऑपरेशन टेबलावर होईल की पुनरुत्थानाच्या सकाळी, तेवढंच मला माहीत नाही.

मग आज करायचं काय?

बहिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे देतो. वाट पाहणं म्हणजे रिकामं बसणं नाही, आणि देवाच्या आधी धावत सुटणंही नाही. देवाचा शब्द खरा असेल तरच ज्याला अर्थ आहे, असं एक छोटं काम आज करणं.

यिर्मयासाठी ती एक सही होती. पप्पांसाठी एक अर्ज. तुझ्यासाठी ते अर्धवट सोडलेला कोर्स पुन्हा उघडणं असेल. ज्याने दुखावलं त्याला मेसेज करणं असेल. नोकरी नसतानाही दशमांशातला छोटा वाटा बाजूला काढणं असेल. स्वतःची वाट पाहणं चालू असताना, दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुणाचं नाव प्रार्थनेत घेणं असेल. ते काम केल्यावर पोटात गोळा आला तर घाबरू नकोस. यिर्मयालाही आला होता. तो गोळा घेऊन सरळ देवाकडे जा.

पप्पा अजून यादीत आहेत. उद्या शनिवार, डायलिसिसचा दिवस. सकाळी साडेसहाला निघायचंय, त्यामुळे आज इथेच थांबतो.

प्रार्थना

हे देवबापा, आम्हांला तारीख हवी असते आणि तू आम्हांला स्वतःला देतोस. आमची अधीरता तुला माहीत आहे, ती आम्ही तुझ्यापासून लपवत नाही. जे आमच्या हातात आहे ते आज करायला धैर्य दे आणि जे तुझ्या हातात आहे ते तिथेच राहू द्यायला शांती दे. आज रुग्णालयांच्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाजवळ बस. ज्यांनी आपल्या माणसाच्या मरणात दुसऱ्याला जीवन दिलं, त्या घरांचं सांत्वन कर. आम्हांला विकत घेणाऱ्या तुझ्या पुत्राच्या, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.

प्रभूची शांती तुम्हां सर्वांबरोबर असो. तुम्ही ज्याची वाट पाहताय, त्यासाठी आज रात्री मी तुमच्यासोबत प्रार्थना करतोय.